परसाकडं जायचंय : एका वृद्धाश्रमातलं औषधांचं प्रकरण

रजिस्टरमधली नोंद अशी आहे : 'रात्री १.४०. बाई मागच्या दाराकडे पळतात. ऐकत नाहीत. डॉक्टरांना फोन केला. इंजेक्शन दिले. नंतर शांत.'

दुसऱ्या रात्रीची नोंदही जवळपास हीच. तिसऱ्या रात्री बाई त्याच दाराच्या उंबऱ्याशी पडल्या. कपाळाला पाच टाके पडले, डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

हा वृद्धाश्रम बेळगाव-खानापूर रस्त्यालगत आहे आणि मी तिथे डॉक्टर म्हणून पंधरवड्यातून एकदा तपासणीला जाते. बाईंची ओळख पटू नये म्हणून त्यांच्याबद्दलचे काही तपशील बदलले आहेत. औषधं, त्यांच्या मात्रा आणि ती कोणत्या क्रमाने आली, हे मात्र तसंच ठेवलं आहे. त्या क्रमातली पहिली गोळी माझ्या अक्षरातली आहे.

बाई

वय ७९, वजन ४६ किलो. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, जिथे पावसाळ्यात चार महिने छत्री मिटत नाही, तिथल्या मराठी प्राथमिक शाळांत त्यांची उभी नोकरी झाली. यजमान गेले. मुलगा पुण्यात, मुलगी गोव्यात फोंड्याला. दोन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम सुरू झालं. त्याशिवाय रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन, कॅल्शियम, आणि गुडघे फार दुखले तर पॅरासिटामॉल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या आश्रमात आल्या तेव्हा डब्यात एवढंच होतं.

सकाळी काय खाल्लं हे त्यांना सांगता येत नसे. पण पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. दर रविवारी संध्याकाळी फोंड्याहून नातीचा फोन यायचा आणि बाई तिच्याकडून सवायकी म्हणवून घ्यायच्या. चुकली की तिथेच थांबवून दुरुस्त करायच्या. पुढचं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

दुसरी गोष्ट भाषेची. बाई बाजारात, कचेरीत सफाईदार कन्नड बोलायच्या असं मुलगी सांगते. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते. बाईंचं कन्नड गेलं, मग शाळेतलं प्रमाण मराठीही विरळ झालं, आणि माहेरी लहानपणी कानावर पडलेली बोली तेवढी शिल्लक राहिली.

एकामागून एक गोळ्या

नव्या जागी आलेल्या माणसाला पहिले काही आठवडे झोप लागत नाही, यात आजार कसलाच नसतो. बाई रात्री उठून दप्तर शोधायच्या, शाळेची घंटा झाली म्हणायच्या. ३४ जणांच्या त्या घरात रात्री एक सिस्टर आणि एक मदतनीस. बाकीचे जागे होतात अशी तक्रार आली आणि जूनच्या अखेरीस मी झोपेसाठी अल्प्राझोलम ०.२५ मिलिग्रॅम लिहिली, रात्री एक. जुलैच्या मध्यावर ती ०.५ केली. तेव्हा माझ्या मनात होतं की आठवडाभर घेतील, मग बंद करू. कागदावर मात्र तसं लिहिलं नाही. कागदावर 'चालू' लिहिलं, आणि कागद तेवढंच सांगतो.

तरुण माणसाच्या शरीरातून अल्प्राझोलम निम्मी उतरायला साधारण ११ तास लागतात, म्हाताऱ्या माणसात सरासरी १६. म्हणजे रात्री नऊची गोळी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेलाही निम्मी अंगात असते. बाई दुपारभर पेंगू लागल्या आणि दिवसा झोप झाली म्हणून रात्री जाग्याच राहू लागल्या. गोळी कमी पडते, असा त्याचा अर्थ काढला गेला.

जुलैअखेर आंघोळ घालताना त्यांनी मदतनीस मुलीवर हात उगारला. फोनवरून दुसऱ्या एका डॉक्टरांनी रिस्पेरिडोन सांगितलं, आधी ०.५ आणि दहा दिवसांत १ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. आश्रमात याला 'शांत राहायची गोळी' म्हणतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात बाई ताठरल्या. पाय घासत चालणं, तोंडातून लाळ, हाताला कंप. हा पार्किन्सन असावा असं समजून ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम दोन वेळा सुरू झालं. रिस्पेरिडोनमुळे असंच होतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण दोन्ही गोळ्या लिहिणारे हात वेगळे होते.

अॅसिटिलकोलीन हे मेंदूतलं निरोप पोहोचवणारं रसायन. ट्रायहेक्सिफेनिडिल ते अडवतं. डोनेपेझिल तेच अॅसिटिलकोलीन टिकवण्यासाठी दिलं जातं. एकाच डब्यात, एकाच घोट पाण्याबरोबर, दोन्ही. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, नजर धूसर होणं आणि गोंधळ, हे सगळे ट्रायहेक्सिफेनिडिलचे ठरलेले परिणाम आहेत. गणपतीच्या आधी घरात सर्दीची साथ आली, तेव्हा ऑफिसच्या कपाटातली सर्दीची गोळी सगळ्यांबरोबर बाईंनाही मिळाली. तिच्यात क्लोरफेनिरामाइन होतं आणि तेही त्याच जातीचं. सर्दीच्या गोळीला औषध कोण म्हणतं? ती यादीत चढलीच नाही.

एका औषधाचा परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, त्याच्या परिणामावर तिसरं, या साखळीवर वैद्यकात १९९०च्या दशकापासून नाव देऊन लिहिलं गेलं आहे. मी ते वाचलेलंही होतं. पण मी आश्रमात जाते तेव्हा माझ्यापुढे त्या दिवशीच्या तक्रारींची यादी ठेवतात. ऑगस्टमध्ये दोन्ही वेळा बाईंचं नाव त्या यादीत नव्हतं. त्या शांत होत्या ना! चालू औषधांच्या तक्त्यावर मी दोन्ही वेळा सही केली.

तीन रात्री

सप्टेंबरमध्ये बाई रात्री उठून मागच्या दाराकडे जाऊ लागल्या. काही पुटपुटायच्या, अडवलं तर धक्का द्यायच्या. रात्रपाळीची सिस्टर दक्षिण कर्नाटकातल्या हासनकडची, मराठी कामापुरतं. तिने जे दिसलं ते लिहिलं. मदतनीस मुलगी शहरातली मराठी, पण तिच्या घरी सगळे 'टॉयलेट' किंवा 'बाथरूम' म्हणतात. बाई परसात जायचं म्हणतात, बाहेर पळायला बघतात, एवढंच तिला कळलं. दोन रात्री हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं गेलं. या वयाच्या नाजूक माणसात फारच गरज पडली तर अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची असते. हृदयाची लय तपासायला ईसीजी काढलेला नव्हता. तिसऱ्या रात्री त्या पडल्या.

टाके, प्लास्टर झालं. डोक्याचा सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. त्यानंतरचे चार दिवस रजिस्टरात एकच शब्द आहे : शांत.

रविवारी नातीचा फोन आला. बाईंनी फोन कानाला धरला आणि काहीच बोलल्या नाहीत. मंगळवारी मुलगी भर पावसात चोर्ला घाट चढून आली आणि मला फोन करून म्हणाली, "डॉक्टर, आईचा आजार वाढलाय म्हणतात. गेल्या महिन्यात हीच बाई माझ्या मुलीच्या चुका काढत होती. एका महिन्यात एवढा वाढतो?"

नाही वाढत. स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी उतरत जातो. तासांत-दिवसांत माणूस बदलला तर तो डिलिरियम, आपल्याकडे ज्याला 'वात झाला' म्हणतात तो. पण लोकांना आरडाओरडा करणारा वात माहीत असतो. गप्प पडून राहणारा, डोळे अर्धवट मिटलेला, भरवलं तर गिळणारा वातही तितकाच असतो आणि जास्त घातक ठरतो, कारण त्याचा कुणालाच त्रास होत नाही. मुलीला फरक कळला, कारण तिच्याकडे सवायकीची मोजपट्टी होती. रजिस्टरकडे ती नव्हती.

मी त्याच संध्याकाळी गेले. दिवसपाळीच्या मावशी, येळ्ळूरच्या, घरी निघाल्या होत्या. मी सिस्टरला विचारत होते की बाई दाराकडे जाताना नेमकं काय बोलायच्या. मदतनीस मुलीने शब्द सांगितले, "परसाकडं, परसाकडं म्हणतात." मावशींनी चप्पल काढून ठेवली. "त्या पळून जायला बघत नाहीत वो डॉक्टर. संडासला जायचं म्हणायलेत. आमच्याकडं म्हाताऱ्या असंच म्हणतात."

पोटावर हात ठेवला तर लघवीची पिशवी बेंबीपर्यंत फुगलेली. नळी घातल्यावर ९०० मिलिलिटर लघवी आली. गुदमार्गात दगडासारखा मळ साचलेला. तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटत होती. कोपर वाकवलं तर दातेरी चाकासारखं अडत-अडत वाकत होतं. झोपून रक्तदाब १३८, मावशींच्या आधाराने उभं केल्यावर १०६. वार उलटे म्हणायला सांगितले तर शनिवारच्या पुढे गेल्या नाहीत.

पंधरा दिवस ही बाई आपल्याला काय होतंय ते स्वच्छ मराठीत सांगत होती, आणि त्यावर आम्ही इंजेक्शन दिलं.

रक्ताच्या रिपोर्टमधला १.१

इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण ही चूक आपल्याकडे रोज होते. बाईंचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, १.१ होतं. रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलेला नाही, म्हणून सगळ्यांनी तो नॉर्मल धरला. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि ४६ किलोच्या म्हातारीच्या अंगावर स्नायू असतात किती? वय, वजन आणि स्त्री असणं धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण ३० मिलिलिटर येते. रिस्पेरिडोन आणि त्याचं शरीरात तयार होणारं क्रियाशील रूप मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. एवढ्या कमी गाळणीवर दिवसाला २ मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात त्याहून बरीच मोठी मात्रा.

बाहेर काय माहीत आहे

एक खुलासा आधी. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की लहान खासगी इस्पितळ डोळ्यांपुढे येतं. परदेशी संशोधनात हा शब्द म्हाताऱ्या माणसांनी कायम राहायच्या, शुश्रूषेची सोय असलेल्या घरासाठी येतो. म्हणजे तो आपल्या वृद्धाश्रमाशी, त्यातही अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवून घेणाऱ्या वृद्धाश्रमाशी जुळतो. असे आश्रम बेळगाव, निपाणी, चिकोडी पट्ट्यात आता लागतात, कारण मुलं पुण्या-मुंबईला, गोव्याला, बेंगळुरूला आहेत.

म्हाताऱ्यांत टाळायच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ साली पहिल्यांदा छापली गेली, ती याच घरांमधल्या रहिवाशांसाठी. अल्प्राझोलमच्या जातीच्या गोळ्या, ट्रायहेक्सिफेनिडिल, क्लोरफेनिरामाइन, हे सगळं आज त्या यादीत आहे. एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत रिस्पेरिडोनसारख्या औषधांबद्दल सर्वांत कडक इशारा दिला. १७ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा सुमारे १० आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत ४.५ टक्के आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के मृत्यू दिसले. २००८ मध्ये तोच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला. ब्रिटनमधल्या अशाच घरांत, ही औषधं आधीपासून घेणाऱ्या १६५ जणांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. ज्यांचं औषध चालू ठेवलं त्यांतले दोन वर्षांनी ४६ टक्के हयात होते, ज्यांना खोटी गोळी दिली त्यांतले ७१ टक्के.

हे आकडे मी मुलीला सांगितले तेव्हा तिने विचारलं, "मग आम्हाला कुणी विचारलं का नाही?" तोंडीसुद्धा विचारलं नव्हतं. पुण्याच्या मुलाला दर महिन्याला बिल जायचं, त्यात 'औषधे' असा एक आकडा असायचा.

आणि गोळ्या येत होत्या कशा? अल्प्राझोलम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत आहे. मार्च २०१४ पासून दुकानदाराने तिची विक्री वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं ठेवायची असा नियम आहे. इथे माझ्या जूनच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर दर महिन्याला जात होता आणि गोळ्यांचं पाकीट येत होतं.

काय, कशा क्रमाने काढलं

सगळं एकदम बंद करावं असा मोह होतो, आणि रागात तो जास्तच होतो. पण अल्प्राझोलम अचानक तोडली तर फिट येऊ शकते, वात आणखी वाढू शकतो. कुणी घरच्या माणसाची गोळी हे वाचून बंद करू नये. लिहिणाऱ्या डॉक्टरांना गाठावं आणि उतरता तक्ता लिहून घ्यावा.

सर्दीची गोळी त्याच दिवशी थांबवली. ट्रायहेक्सिफेनिडिल चार दिवस निम्मं करून बंद केलं. रिस्पेरिडोन पहिल्या दिवसापासून निम्मं, आठवड्याने पाव, तीन आठवड्यांत बंद. अल्प्राझोलमला सर्वांत शेवटी हात लावला : दर दोन-तीन आठवड्यांनी ०.१२५ कमी. नळी पाचव्या दिवशी काढली, लघवी आपोआप झाली. पोट साफ व्हायला लॅक्टुलोज, जेवणानंतर पातळ ताक, आणि दिवसा ठरलेल्या वेळी, शिवाय रात्री नऊला आणि दोनला, संडासात नेऊन बसवणं.

पॅरासिटामॉल 'दुखलं तर' होतं ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा नेमाने सुरू केलं. हे मला जुलैतच सुचायला हवं होतं. ज्याला दुखतंय असं सांगता येत नाही तो हात उगारतो. आंघोळीच्या वेळी प्लास्टिकच्या ठेंगण्या स्टुलावर बसवताना बाईंचे गुडघे पूर्ण वाकवले जायचे आणि हात त्याच क्षणी उठायचा. नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांत ३५२ जणांवर झालेल्या अभ्यासात, पायरीपायरीने वेदनाशामक दिल्यावर आठ आठवड्यांत अस्वस्थता १७ टक्क्यांनी कमी झाली होती. त्यांतल्या बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच पुरलं. आम्ही उंच खुर्ची आणली. त्यानंतर आंघोळीच्या वेळी मारल्याची नोंद नाही.

रजिस्टरात 'शांत', 'त्रास देतात', 'ऐकत नाहीत' हे शब्द लिहायचे नाहीत असं ठरवलं. काय केलं आणि काय बोलल्या तेवढंच लिहायचं, बोललेले शब्द जसेच्या तसे. मावशींनी बसून बारा शब्दांचा तक्ता केला. परसाकडं, बाहेरला, गरगरतंय, कळ मारायली, जीव घाबरायलाय, असे एका बाजूला देवनागरीत आणि त्यांचा अर्थ दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत. तो आता औषधांच्या कपाटावर चिकटवला आहे. हासनच्या सिस्टरने त्यात स्वतःहून दोन शब्द वाढवले. तिच्याबद्दल कुणाच्या मनात राग राहू नये असं मला फार वाटतं. ३४ माणसं, एक सिस्टर, रात्रीचे पावणेदोन आणि फोनवर 'इंजेक्शन द्या' म्हणणारा आवाज. तिने दुसरं काय करायचं होतं?

'शांत राहायची गोळी' कधीच देऊ नये असं मात्र मी म्हणत नाही. त्याच आश्रमात एक आजोबा आहेत. जेवणात विष घातलंय या भीतीने ते आठ दिवस उपाशी होते, समजावून उपयोग झाला नव्हता. त्यांना रिस्पेरिडोन ०.२५ ने खरोखर सुटका मिळाली. पण मुलाला बोलावून धोके सांगितले, चार आठवड्यांनी उपयोग पाहायचा आणि जास्तीत जास्त चार महिन्यांत कमी करून बघायचं हे कागदावर तारखेसह लिहिलं. तरुणपणापासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू असलेल्या माणसाची गोष्ट तर पूर्ण वेगळी, तिथे या हिशेबाने गोळी तोडणं घातक ठरेल.

आता

दसऱ्याच्या सुमारास बाई डोळे उघडून बोलू लागल्या. दिवाळीपर्यंत ताठरपणा बराच गेला, वॉकर धरून व्हरांड्यापर्यंत जाऊ लागल्या. कार्तिकातल्या एका रविवारी नात सवायकीत अडली आणि बाई म्हणाल्या, "परत पहिल्यापासनं म्हण." पण पहिल्यासारखं सगळं आलं नाही. दिडकी अर्ध्यात तुटते, मुलीला कधी बहिणीच्या नावाने हाक मारतात. यात आजाराचा भाग किती आणि त्या तीन महिन्यांचा किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. मनगट थोडं वाकडं जुळलं. निऱ्या आता मावशी घालून देतात.

अल्प्राझोलम ०.१२५ वर येऊन अडली आहे. दोनदा पूर्ण बंद करून पाहिली. दोन्ही वेळा तिसऱ्या रात्री घाम फुटला, हात थरथरले, झोप पार उडाली. पुन्हा सुरू करावी लागली. शिमग्यानंतर गोळीचा आणखी बारीक तुकडा करून परत प्रयत्न करायचा आहे. तारीख या वेळी कागदावर लिहिली आहे, आणि मुलीला कळवली आहे.